हृदयविकार आणि भोवतालची माणसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटी एक ओळ बहुधा असतेच : तेल-मीठ कमी करावे, रोज चालावे, ताण टाळावा. घरात स्वयंपाक कोण करते, चालण्याजोगा रस्ता जवळपास आहे का, ताण टाळायचा म्हणजे नोकरी सोडायची का, याविषयी कार्ड काही सांगत नाही. पुढील प्रश्नोत्तरे त्या न लिहिलेल्या भागाविषयी आहेत.

‘सामाजिक परिसर’ या शब्दात नेमके काय येते?

माणूस ज्यांच्यासोबत राहतो, जेवतो, काम करतो आणि ज्यांच्यावर अवलंबून असतो ती सगळी माणसे, त्यांच्यातील त्याचे स्थान, आणि त्या स्थानामुळे त्याला मिळणाऱ्या किंवा न मिळणाऱ्या गोष्टी या शब्दात येतात. घर, शेजार, कामाची जागा, शिक्षण, उत्पन्न, जात, गावातील पत, दवाखान्यापर्यंतचे अंतर हे सर्व त्यात आहे. केवळ ‘मित्र किती’ एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. दहा माणसांच्या घरात राहणाऱ्या, पण स्वतःच्या जेवणाची वेळही ठरवता न येणाऱ्या व्यक्तीचा सामाजिक परिसर गजबजलेला असला तरी पोषक असेलच असे नाही.

तळलेले खाऊनही हृदयविकार कमी असलेल्या अमेरिकेतील रोझेटो गावाची गोष्ट खरी आहे का?

बऱ्याच अंशी खरी आहे. मात्र ती सांगितली जाते त्यापेक्षा थोडी गुंतागुंतीची आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील रोझेटो हे दक्षिण इटलीतील रोझेटो व्हालफोर्तोरे या गावातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलेल्या स्थलांतरितांनी वसवलेले गाव. पुरुष पाटीच्या दगडाच्या खाणीत राबत असत. तेथे हृदयविकार फारसा दिसत नाही, असे एका स्थानिक डॉक्टरांच्या बोलण्यातून कळल्यावर स्ट्युअर्ट वुल्फ हे वैद्यकीय संशोधक आणि समाजशास्त्रज्ञ जॉन ब्रून यांनी १९६०च्या दशकात गावाचा अभ्यास केला. हृदयविकाराने होणारे मृत्यू शेजारच्या बँगोर गावापेक्षा आणि एकूण अमेरिकेपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. याचे कारण आहारात असेल म्हणावे, तर लोक डुकराच्या चरबीत तळलेले मांस खात होते, धूम्रपान करत होते, आणि अंगाने सडपातळही नव्हते. पाणी व दवाखाने शेजारच्या गावांसारखेच होते.

वेगळेपण राहणीत होते. तीन पिढ्या एका घरात नांदत, म्हाताऱ्यांच्या शब्दाला मान असे, आणि श्रीमंताने श्रीमंती मिरवू नये असा गावाचा अलिखित दंडक होता. ही घडी विस्कटली तर हृदयविकार वाढेल, असे भाकीत संशोधकांनी तेव्हाच केले होते. पुढे मुले शहरांकडे गेली, कुंपणे घातलेले मोठे बंगले उभे राहिले, मोठ्या मोटारी आल्या. १९३५ ते १९८५ या पन्नास वर्षांतील मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेला जो अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रोझेटोचे हे वेगळेपण कालांतराने नाहीसे होऊन ते शेजारच्या गावांसारखेच झाल्याचे दिसले.

या गोष्टीवर आक्षेपही आहेत आणि ते रास्त आहेत. गाव अवघ्या दीड-दोन हजार वस्तीचे होते; एवढ्या लहान वस्तीत काही मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी प्रमाण बदलते. एका गावावरून जगाचा नियम काढता येत नाही. तरीही ज्या संशोधकांनी आधी भाकीत केले आणि नंतर ते पडताळून पाहिले, त्यांचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही. रोझेटोचा दाखला देऊन ‘एकत्र राहा आणि हवे ते तळून खा’ असे सुचवणारे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांना मात्र कोणताही आधार नाही.

एकटेपणाचा हृदयाशी संबंध आहे, हे कशावरून ठरवले?

कॅलिफोर्नियातील आलामेडा परगण्यात सुमारे सात हजार प्रौढांची १९६५ पासून नऊ वर्षे नोंद ठेवली गेली. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये दाखवले, की विवाह, नातेवाईक, मित्र, प्रार्थनास्थळ किंवा मंडळे यांपैकी कोणतेच धागे पक्के नसलेल्या लोकांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते, आणि धूम्रपान, वजन, मूळची प्रकृती हे हिशेबात घेऊनही फरक उरत होता. त्यानंतर असे अनेक अभ्यास झाले. २०१६ साली अशा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दुबळे सामाजिक संबंध असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा सुमारे ३२ टक्क्यांनी अधिक आढळला.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. एकटे राहणे ही बाहेरून मोजता येणारी गोष्ट आहे, तर एकटेपणा ही आतून जाणवणारी. पुण्यात मुले परदेशी गेलेल्या घरात एकट्या राहणाऱ्या, पण सकाळी बागेतील गटासोबत फिरणाऱ्या आणि दुपारी भिशीला जाणाऱ्या आजी एकट्या राहतात, एवढेच म्हणता येईल. उलट, भरल्या घरात दिवसभर कोणीही ज्यांच्याशी चार शब्द बोलत नाही, असे आजोबा एकटेपणात आहेत. दोन्ही स्थितींचा धोक्याशी संबंध आढळला आहे, पण त्यांवरचा उपाय एक नाही.

पण माणसांचा परिणाम रक्तवाहिनीवर कसा होईल? शरीरात काय घडते?

दोन वाटा आहेत. पहिली सवयींची : सोबत नसलेला माणूस वेळेवर जेवत नाही, गोळ्या चुकवतो, तंबाखूकडे वळतो, डॉक्टरांकडे उशिरा जातो. दुसरी वाट थेट शरीरातून जाते. सतत धास्ती, अपमान किंवा अनिश्चितता असेल तर मेंदू शरीराला संकटाच्या तयारीत ठेवतो. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढलेले राहतात, रक्तदाब आणि साखर वर राहते, झोप तुटक होते, रक्तातील गुठळी बनवणाऱ्या बिंबिका अधिक चिकट होतात आणि रक्तवाहिनीच्या आतील अस्तरात मंद दाह चालू राहतो. चार मिनिटांच्या संकटासाठी ही तयारी उत्तम असते. तीच चाळीस वर्षे चालली की अस्तर खराब होते.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, म्हणून प्राण्यांवरील दोन प्रयोग उपयोगी पडतात. अमेरिकेतील ओहायो येथे सशांना भरपूर कोलेस्टेरॉल असलेले एकाच प्रकारचे खाद्य दिले जात होते. त्यांतील काही सशांना रोज उचलून घेतले, कुरवाळले, त्यांच्याशी बोलले गेले. रक्तातील कोलेस्टेरॉल दोन्ही गटांत सारखेच असूनही, कुरवाळलेल्या सशांच्या महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, मेदाचे थर सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले.

नॉर्थ कॅरोलायनातील संशोधक जे कॅप्लन आणि सहकाऱ्यांचे माकडांवरील काम याहून बोलके आहे. आहार सारखाच ठेवून नर माकडांचे काही कळप स्थिर ठेवले, तर काही कळपांतील सोबती वारंवार बदलले. बदलत्या कळपांत वरचढ नरांना दर वेळी आपली जागा नव्याने मिळवावी लागे, आणि त्यांच्याच हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सर्वाधिक थर साचले. स्थिर कळपात मात्र वरचढ असणे तोट्याचे ठरले नाही. हृदयाची गती आवरणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिल्यावर त्या वरचढ नरांचे हे नुकसान टळले, म्हणजे मार्ग अॅड्रेनलिनचाच होता. माद्यांमध्ये चित्र वेगळे होते : त्यांत खालच्या दर्जाच्या, सतत दबून राहणाऱ्या माद्यांना त्रास अधिक झाला. माणूस म्हणजे माकड नव्हे हे खरे, पण केवळ ‘मनाचे खेळ’ म्हणून हा विषय बाजूला सारणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात घ्यावा.

हृदयविकार साहेब लोकांना अधिक होतो की शिपायांना?

ताण म्हणजे मोठ्या पदाची किंमत, हा समज आपल्याकडे पक्का आहे. लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सरकारी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासाने तो खोटा ठरवला. १९६७ पासून सुरू झालेल्या पहिल्या अभ्यासात सुमारे अठरा हजार पुरुष होते. कोणीही दरिद्री नव्हता, सर्वांना पक्की नोकरी होती, आणि राष्ट्रीय आरोग्यसेवा सर्वांना मोफत उपलब्ध होती. तरीही मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की सर्वांत खालच्या श्रेणीतील निरोपे, द्वारपाल यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूसही पहिल्या पायरीवरच्यापेक्षा अधिक धोक्यात होता. म्हणजे प्रश्न केवळ गरिबीचा नव्हता, तर उतरंडीतील प्रत्येक पायरीचा होता. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावर या तफावतीचा फार तर एक तृतीयांश भाग उलगडला.

१९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियाही होत्या. त्यात कामावरील नियंत्रणाचा मुद्दा पुढे आला. काम कधी, कसे, कोणत्या क्रमाने करायचे यात ज्याला काहीच बोलता येत नाही, त्याचा धोका जास्त. जबाबदारी मोठी असली तरी अधिकारही हाती असले तर ताण पेलवतो; जबाबदारी अंगावर आणि अधिकार दुसऱ्याच्या हाती, ही स्थिती घातक. २०१२ मध्ये युरोपातील सुमारे दोन लाख कर्मचाऱ्यांच्या एकत्रित विश्लेषणात असा ताण असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी अधिक दिसला. धूम्रपानाच्या तुलनेत हा धोका लहान आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आपल्याकडे कंत्राटी सफाई कामगार, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, घरपोच सामान देणारा दुचाकीस्वार, एसटीचा चालक यांच्या कामाकडे या नजरेने पाहिले, तर वेळ आणि गती दुसराच कोणी ठरवतो असे दिसते. त्यांना ‘ताण घेऊ नका’ असे सांगणे निरुपयोगी आहे.

जास्त तास काम केल्याने झटका येतो का?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. जपानमध्ये अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्दच आहे आणि त्याची नुकसानभरपाई मिळण्याची कायदेशीर सोय आहे.

एकत्र कुटुंब हृदयासाठी चांगले, असे म्हणावे का?

सरसकट म्हणू नये. एकत्र घरात आजारी माणसाकडे लक्ष जाते, औषधाची आठवण कोणीतरी करते, रात्री-अपरात्री गाडी काढायला माणूस असतो. हे फायदे खरे आहेत. पण घर सर्वांसाठी सारखे नसते. ज्या घरात सासऱ्यांना सोबत मिळते, त्याच घरातील सून सर्वांत शेवटी, गार झालेले आणि उरलेले जेवते, आणि तिची गोळी घेण्याची वेळ इतरांच्या डब्यांच्या वेळेनुसार ठरते. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना हे घर नेमके कोणाच्या कष्टावर चालते, हे विचारले जात नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नात्याचा दर्जा मोजला की फरक दिसतो. स्टॉकहोम येथील स्त्रियांच्या अभ्यासात, आधीच हृदयविकार असलेल्या ज्या स्त्रियांच्या वैवाहिक जीवनात तीव्र ताण होता, त्यांना पुन्हा हृदयविकाराचा त्रास होण्याचा धोका जवळपास तिप्पट आढळला. नोकरीतील ताणाचा असा परिणाम त्या स्त्रियांत दिसला नाही. घर हे विसाव्याचे ठिकाण असते, हे गृहीत धरण्यापूर्वी ते कोणासाठी, हे पाहावे.

आहाराचा प्रश्नही येथेच येतो. घरातील एकालाच ‘पथ्याचे’ वेगळे ताट वाढले, की तो माणूस पंगतीतून उठल्यासारखा होतो, आणि महिनाभरात लोणचे, पापड, फरसाण परत ताटात येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, आणि ते निरोगी माणसांसाठीही आहे. त्यामुळे सगळ्या घराची आमटी कमी मिठाची करणे हा पथ्य टिकवण्याचा त्यातल्या त्यात सोपा मार्ग आहे.

मित्रांच्या सवयी खरोखर लागतात का?

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ पासून चाललेल्या हृदयविकार अभ्यासातील नोंदी वापरून निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००७ मध्ये दाखवले, की एखाद्याचा मित्र स्थूल झाला तर तोही स्थूल होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. पुढच्या वर्षी त्यांनी धूम्रपानाविषयी लिहिले : जोडीदाराने धूम्रपान सोडले, तर दुसऱ्याने ते करत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. यावर आक्षेप असा, की सारख्या स्वभावाची माणसेच मुळात मैत्री करतात, त्यामुळे ‘लागण’ किती आणि ‘निवड’ किती हे वेगळे काढणे कठीण जाते. आकड्यांवर वाद असला तरी दिशा पटण्यासारखी आहे.

चहाच्या टपरीवर एकाने पुडी काढली, की तळहातावर चुना-तंबाखू मळून चिमूट पुढे करणे हा आपल्याकडे आपुलकीचा व्यवहार आहे. नाही म्हणणे म्हणजे माणूस तोडणे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात आणि त्यांतील बहुतांश धूरविरहित प्रकारांत. म्हणून एकट्याने सोडण्यापेक्षा सगळ्या कट्ट्याने, किंवा निदान दोघांनी मिळून सोडणे टिकते. बिडी-सिगारेटच्या बाबतीत नियमही काम करतात. स्कॉटलंडमध्ये २००६ साली बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आल्यानंतर तीव्र हृदयविकारासाठी दाखल होणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटली. भारतात अशी बंदी २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहे. तिची अंमलबजावणी कशी आहे, ते कोणत्याही बसस्थानकावर पाहावे.

आपली संस्कृती जपली तर परदेशातही हृदय सुरक्षित राहील का?

जपानी स्थलांतरितांबाबत असे काहीसे आढळले होते. कॅलिफोर्नियातील जपानी वंशाच्या सुमारे ३,८०० पुरुषांपैकी जे जपानी रीतिभाती धरून होते, त्यांच्यात हृदयविकार कमी होता; जे पूर्ण अमेरिकी वळणावर गेले होते, त्यांच्यात तो तीन ते पाच पट होता. हे मार्मट आणि साइम यांनी १९७६ मध्ये मांडले.

मराठी माणसाने मात्र यावरून निश्चिंत होऊ नये. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई लोकांची कुटुंबे घट्ट असूनही त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू तेथील इतर लोकसंख्येपेक्षा बरेच जास्त राहिले आहेत. पोटावरची चरबी, मधुमेहाकडील कल ही त्यामागची महत्त्वाची कारणे मानली जातात. बावन्न देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यक वय (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर) ५३ आढळले, इतरत्र ते सुमारे ५९ होते. त्याच अभ्यासात झटक्यांचे बहुतांश ओझे नऊ कारणांत मांडता आले आणि मानसिक-सामाजिक ताण हे त्यांपैकी एक होते. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव माणसांना जोडतो हे चांगलेच. पण त्या जेवणावळीतील ताटाकडेही पाहावे.

गरिबी आणि शिक्षणाचा संबंध किती?

भारतातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची ‘क्रिएट’ ही नोंदवही २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्याचा मध्यक काळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी पडते, हे लक्षात घेतले म्हणजे सहा तासांचा अर्थ कळतो. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण गरिबांत ८.२ टक्के आणि श्रीमंतांत ५.५ टक्के होते. उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबांचे हृदय कमकुवत होते असे नाही. त्यांना उपचार कमी मिळाले.

अनेक देशांत चाललेल्या ‘प्युअर’ अभ्यासातही असेच दिसले. गरीब देशांत कमी शिकलेल्यांमध्ये धोक्याची नेहमीची कारणे तुलनेने कमी असूनही, हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण उच्चशिक्षितांच्या दुपटीहून अधिक होते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होऊ शकते. परंतु योजनेतील रुग्णालय जवळ असणे, कागदपत्रे हाताशी असणे आणि कोणीतरी सोबत येणे, या तिन्ही गोष्टी शेवटी सामाजिकच आहेत.

स्त्रियांना उपचार उशिरा का मिळतात?

छातीवर हत्ती बसल्यासारखी वेदना स्त्रियांनाही होते. पण धाप लागणे, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, विलक्षण थकवा अशी लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात. घरात त्याचे निदान ‘पित्त झालं असेल’ असे होते, आणि बहुतेक वेळा ते निदान ती स्वतःच करते, कारण पोळ्या व्हायच्या असतात. मग नवरा घरी येईपर्यंत, मुलाला विचारेपर्यंत वेळ जातो. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही, एवढे घरातील प्रत्येक स्त्रीला आधीच सांगून ठेवावे.

जोडीदार गेल्यानंतर दुसराही लवकर जातो, यात तथ्य आहे का?

आहे. ब्रिटनमधील ५५ वर्षांवरील साडेचार हजार विधुरांच्या १९६९ सालच्या अभ्यासात पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त आढळले आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराचा होता. धोका सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि पुढे उतरतो. म्हणून तेराव्यानंतर पाहुणे परतले, की नेमकी त्याच काळात सोबतीची गरज असते. शोकाच्या दिवसांत नेहमीच्या गोळ्या चुकतात, याकडेही लक्ष ठेवावे.

तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून दुबळा होतो, अशी एक स्थिती १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी वर्णिली. कप्प्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून तिला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. ती प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत दिसते आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. लक्षणे मात्र झटक्यासारखीच असतात, त्यामुळे घरी बसून भेद करू नये.

विधवांच्या बाबतीत आपल्या समाजाने शोकात एकटेपणाची भर घातली आहे. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे आणि नंतर हळदीकुंकवासारख्या प्रसंगी बाजूला ठेवणे, म्हणजे ज्या काळात माणसांची सर्वाधिक गरज, त्याच काळात माणसे तोडणे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो सामाजिक सुधारणा म्हणून गाजला. आमच्या दृष्टीने तो आरोग्याचाही ठराव आहे.

वस्तीतील आवाज आणि हवेचा परिणाम होतो का?

होतो. रहदारीचा रात्रीचा आवाज झोपेतही रक्तदाब वाढवतो, आणि हवेतील सूक्ष्म कण रक्तवाहिन्यांचा दाह वाढवतात. आपल्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हमरस्त्यालगतची, कारखान्याशेजारची घरे कोणाच्या वाट्याला येतात, हे सांगायला नको.

मग माणसांची सोबत वाढवली, की हृदयविकार टळेल का?

इतके सरळ नाही. अमेरिकेतील ‘एनरिच्ड’ चाचणीत झटका येऊन गेलेल्या, निराश किंवा आधार कमी असलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना समुपदेशन दिले. २००३ मध्ये निष्कर्ष आले : निराशा काहीशी कमी झाली, आधाराची जाणीवही वाढली, परंतु मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके घटले नाहीत. नियोजन करून आणलेली सोबत आणि आयुष्यभर विणले गेलेले संबंध एकच नव्हेत, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

जेथे माणसांच्या ओळखीच्या जागेतून प्रत्यक्ष उपचार पोहोचवले, तेथे फायदा स्पष्ट दिसला. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या नेहमीच्या केशकर्तनालयांत औषधतज्ज्ञ बसवले. केस कापायला येणाऱ्यांचा रक्तदाब तेथेच मोजून औषधे दिली, तेव्हा सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना दुकानात केवळ सल्ला मिळाला, त्यांचा ९ अंकांनी. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतील खेड्यांत गावातील आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन केलेल्या कामानेही रक्तदाब अधिक उतरला. आपल्याकडे आशाताई तिशीवरील व्यक्तींची धोक्याची माहिती भरून घेतात. तो फॉर्म घाईत भरून मोकळे होण्यापेक्षा त्यांच्याशी नीट बोलावे. बचत गटाच्या बैठकीत किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर महिन्यातून एकदा बीपी मोजण्याचे यंत्र आणणे खर्चिक नाही. मात्र वाढलेला आकडा दिसला, तर पुढे दवाखान्यात कोण नेणार हेही तेथेच ठरवावे.

झटका येऊन गेलेल्या माणसाशी घरच्यांनी कसे वागावे?

दोन टोके टाळावीत. एक म्हणजे त्याला काचेच्या भांड्यासारखे जपणे : पिशवी उचलू न देणे, निर्णयातून वगळणे, वाईट बातमी लपवणे. यामुळे माणूस घरात असूनही घराबाहेर पडतो. दुसरे टोक म्हणजे प्रत्येक घासावर पहारा ठेवणे. डॉक्टरांनी परवानगी दिलेले काम त्याला करू द्यावे, सोबत चालायला जावे, आणि गोळ्यांची जबाबदारी त्याच्याशी बोलून वाटून घ्यावी. झटक्यानंतर उदास वाटणे सामान्य आहे. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप-भूक गेली, तर डॉक्टरांना सांगावे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. काळजी घेणाऱ्या व्यक्तीचा रक्तदाबही याच वेळी मोजून घ्यावा.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांना यातले काय सांगावे?

ओपीडीत मिळणारी मिनिटे मोजकी असतात, म्हणून घरून एका कागदावर लिहून न्यावे. घरात कोण कोण आहे, स्वयंपाक कोण करते, दुपारचे जेवण कोठे होते, पाळी रात्रीची आहे का, घरातील किंवा सोबतचे कोणी तंबाखू घेते का, अलीकडे कोणी जवळचे गेले किंवा नोकरी सुटली का, आणि महिन्याच्या औषधांपैकी किती रकमेची औषधे खरोखर घेणे परवडते. हा शेवटचा प्रश्न संकोचामुळे गाळला जातो आणि गोळ्या एक दिवसाआड घेतल्या जातात. आधी सांगितले तर डॉक्टर स्वस्त जेनेरिक पर्याय लिहून देऊ शकतात. कागदाच्या तळाशी एक नाव आणि मोबाइल क्रमांक लिहावा : रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर १०८ नंतर दुसरा फोन ज्याला जाईल त्याचा. ते नाव लिहिताना हात अडला, तर तेही डॉक्टरांना सांगावे.